नवऱ्याच्या कपड्यांवरची पांढरी पूड

"मेसोथेलिओमा," डॉक्टर म्हणाले, आणि मला पहिली आठवली ती माझी मोठी जाऊ. तिला मी वयनी, म्हणजे वहिनी म्हणते. वयाने माझ्याहून मोठी, तरी अजून भरलेली कळशी कमरेवर घेऊन गप्पा मारत येते. मला न्हाणीघरापर्यंत जाताना धाप लागत होती. हा रोग तिला का नाही झाला, असंच मनात आलं. खोटं कशाला सांगू?

सुरुवात उजव्या कुशीतल्या दुखण्याने झाली. डिचोलीत एक्स-रे काढला, तर फुप्फुसाबाहेर पाणी साचलेलं. क्षयाचा संशय आला, पण तो नव्हता. सुईने पाणी काढलं, ते पुन्हा भरलं. मग बायोप्सी केली, म्हणजे आतला लहान तुकडा काढून तपासला. फुप्फुसाभोवतीच्या पातळ आवरणाला प्लुरा म्हणतात. कर्करोग तिथे होता.

"तुम्ही काम कुठे करत होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुठेच नाही. घरातच."

"आणि नवरा?"

हे खाणीवरच्या शेडांना अ‍ॅस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे कापून बसवायचे. संध्याकाळी त्या पुडीने पांढरे होऊन घरी यायचे.

"त्या पुडीतले बारीक तंतू श्वासातून आत जातात," डॉक्टर म्हणाले. "कित्येक वर्षांनी आजार दिसतो. कपड्यांवरून घरच्यांनाही होऊ शकतो."

कपडे! मी लग्न होऊन कारापूरला आले तेव्हा घरादाराचे कपडे वयनी धुवायची, ह्यांचेही. आणल्याबरोबर बादलीत बुडवायची. माझ्या पोटात दुखायचं. मी भांडून ते काम घेतलं. वर तिला दिसावं म्हणून अंगणात उभी राहून एकेक सदरा आधी जोरात झटकायचे.

ते काम सुटून वर्षं लोटली, आणि हे स्वतः ठणठणीत आहेत. त्यांचाही हेवा वाटतो.

तुमच्या घरात कुणी असले जुने पत्रे कापत, मोडत असेल तर कपडे कामावरच बदलायला सांगा. झटकू तर मुळीच नका. आणि डॉक्टरांना घरातल्या माणसांचं कामही सांगा.

केमो चालू आहे. रोग पुरता जाणार नाही, हे मला स्पष्ट सांगितलंय. परवा वयनी माझे घामेजलेले कपडे न्यायला आली. मी ते घट्ट धरून बसले.

"तेन्ना तुवें माका धुवूंक दिलें ना," ती म्हणाली. "आतां तरी दी."

मी दिले. ती दाराशी पोचली, तशी मी दम गोळा करून हाक मारली, "वयनी, ह्यांचो सदरोय घे."