पाण्याकडचं सरकतं दार

पहिल्यांदाच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नव्हते. माझे वडील पुण्यात शाळामास्तर, शास्त्र शिकवायचे. घरात कुणी भुताखेताची गोष्ट काढली की चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारायचे, "तुम्ही स्वतः पाहिलंत?" समोरचा माणूस विषयच बदलायचा. त्यामुळे ह्या ग्रुपवरचे सगळ्यांचे अनुभव मी इतके दिवस नुसती वाचत आले. आता वाटतं, आपलाही सांगून टाकावा... मी पाहिलं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण ऐकलं, आणि हातांना जाणवलं. नातीने मोबाईलवर मराठी टाईप करायला शिकवलंय, चुका सांभाळून घ्या.

साठ साल उजाडायच्या आधीचा उन्हाळा. माझं लग्न होऊन दोनेक वर्षं झाली होती. हे मुळशीच्या धरणावर ओव्हरसीयर होते. पाण्याकाठी एका टेकाडावर साहेबाच्या काळातला जुना बंगला होता, त्याचा अर्धा भाग आम्हाला राहायला मिळाला होता. मागे डोंगर, पुढे पाणी. पाण्याच्या बाजूला लांबलचक व्हरांडा, आणि मोठ्या खोलीतून त्या व्हरांड्यात उघडणारं एक भलं रुंद सरकतं दार. सागवानी चौकट, वर दुधी काचा, खाली दोन चाकं, आणि ती चाकं उंबऱ्यातल्या लोखंडी रुळावरून पळायची. म्हणजे कधीकाळी पळत असावीत. आम्ही राहायला आलो तेव्हापासून ते दार जे अडकलेलं होतं, ते तसंच. आम्ही स्वयंपाकघराच्या दाराने ये-जा करायचो, अडत काही नव्हतं.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, माले गावी थोरल्या दिरांकडे राहायच्या. आमच्या घरी त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. कारण सगळ्यांना माहीत होतं. त्यांचं माहेर त्याच धरणाखाली गेलं होतं. मुलगा तिथेच नोकरीला लागला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तू खुशाल जा, बाबा. मला त्या पान्याकडं बगाय लावू नगंस." ह्यांच्या मनात ते फार सलायचं, पण बोलायचे नाहीत.

त्या वर्षी माघात आत्याबाई गोठ्यात पडल्या आणि खुब्याचं हाड गेलं. दिरांच्या घरी बारदाना मोठा, बघायला कुणाला सवड नाही. ह्यांनी सरळ बैलगाडीत गादी घातली आणि त्यांना आमच्याकडे आणलं. डॉक्टरांनी पाय फळ्यांत बांधला होता आणि कूस पालटायचीसुद्धा मनाई केली होती. खाट जाईल अशी खोली एकच, ती सरकत्या दाराची. आत्याबाईंनी त्या बंद दाराकडे पाहिलं, त्यामागे काय आहे ते ओळखलं, आणि म्हणाल्या, "अडाकलंय न्हवं? बरं हाय. ऱ्हाऊ दे."

दोन महिने तसेच गेले. मी खाटेवरच त्यांचं अंग पुसायची, वेणी घालायची. शहरातली सून म्हणून त्या आधी जरा अंतर राखून होत्या. पण अंग पुसून घेताना किती दिवस अंतर राखणार? हळूहळू बोलायला लागल्या. पिकाबद्दल, म्हशींबद्दल, सासूबद्दल. माहेराबद्दल मात्र एक अक्षर नाही.

वैशाखात पाणी उतरायला लागलं. एका सकाळी दूध घालायला येणारी हिराबाई खोलीच्या दारात टेकली आणि सहज बोलून गेली, "मावशे, आवंदा पानी लईच खाली गेलंय. देवळाचं जोतं उगडं पडलंय बग." मी तिला डोळ्यांनी खुणावलं, पण शब्द निघून गेला होता.

हिराबाई जाईपर्यंत आत्याबाई थांबल्या. मग म्हणाल्या, "सुमन, त्ये दार उगडतंय का बग."

"आत्याबाई, हे परवा पुण्याहून येतील. धोंडिबाला हाताशी घेऊन..."

"वळवाचं आभाळ येतंय रोज. पानी चडलं की संपलं. मला आजच बगायचंय. पुढल्या साली मी हाय का न्हाई कुनाला ठावं?"

धोंडिबा म्हणजे बंगल्याचा राखणदार. तो सकाळच्या गाडीने पौडला बाजाराला गेलेला. आजूबाजूला हाकेच्या अंतरावर माणूस नाही. पण आत्याबाईंनी माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं... पाण्याचा तांब्यासुद्धा मीच विचारून द्यायची. मी पदर खोचला.

व्हरांड्यात मी कुरडया वाळत घातल्या होत्या, दारापासून पायऱ्यांपर्यंत धोतरं अंथरून. त्या काढत बसण्यापेक्षा आतूनच काम करावं असं ठरवलं. खुरप्याच्या टोकाने रुळातली माती उकरली. केवढी माती! वाळकी पानं, मेलेल्या माश्या, कुणाच्या तरी सदऱ्याचं बटण. खोबरेल तेल सोडलं, मेणबत्ती घासली. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा दार चार बोटं हललं आणि कर्रकन थांबलं. वाकून पाहिलं तर मागचं चाक रुळावरून उतरलेलं. दाराचा सगळा भार लाकडावरच येत होता, मग सरकणार कसं?

"दमलीस का?" आत्याबाईंनी विचारलं.

"छे!"

कोठीत धोंडिबाची पहार होती. ती आणून मी दाराखाली घातली. विचार असा, की दार जरा उचलायचं आणि चाक पायाने रुळावर ढकलायचं. पहारेवर भार दिला. दार उचललं गेलं... आणि वरची खोबण झिजलेली होती, ते माझ्या लक्षात यायच्या आतच दाराचं डोकं खोबणीतून सुटलं आणि अख्खं दार आत कललं.

मी खांदा लावला. एक पाय पहारेवर, दोन्ही हात चौकटीला. हातभर अंतरावर आत्याबाईंची खाट. फळ्यांत पाय बांधलेली बाई, हलणार कुठे? काचांसकट ते धूड त्यांच्या अंगावर जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. सोडता येत नव्हतं आणि पेलवतही नव्हतं. आत्याबाई ओरडल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "तू बाजूला हो, पोरी. तुला लागंल."

आणि तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"सोडू नगं. धरलंय म्या."

पुरुषाचा आवाज, तरुण. जरा धाप लागल्यासारखा, लांबून चालत आल्यासारखा. आणि त्याबरोबर दाराचा भार हलका झाला. कमी झाला म्हणजे किती, तर ओली गोधडी दोघींनी मिळून पिळावी तसा. पलीकडे माणूस आहे हे हातांना कळतं, त्याला डोळे लागत नाहीत. दुधी काचेतून एक आकृती दिसत होती. डोक्याला मुंडासं. आणि दाराची वरची कड धरायला उचललेले दोन हात.

मला वाटलं, धोंडिबाच परत आला. जीव भांड्यात पडला. "धोंडिबा, जपून हं!" मी म्हणाले.

"आता उचल जरा... हां. बसलं वर. पहार काड."

मी पहार काढली. चाक रुळावर बसल्याचा टक्कन आवाज झाला.

"आता सरकव, पोरी."

मी दोन बोटांनी ढकललं असेल. एवढं अवजड दार, पण मांजर चालत जावं तसं निघून गेलं. खोलीत एकदम ऊन आलं, वारा आला, आणि समोर पाणी.

व्हरांड्यात कुणी नव्हतं.

मी बाहेर डोकावले. पायऱ्या त्या टोकाला, मधे लपायला खांबसुद्धा नाही. "धोंडिबा!" अशी हाक मारली. उत्तर नाही. मग माझं लक्ष खाली गेलं. कुरडया जशा घातल्या होत्या तशाच होत्या, अगदी उंबऱ्याला लागून. ज्या जागी उभं राहून कुणीतरी दार धरलं होतं तिथेही. अर्धवट वाळलेल्या कुरडईला बोट लागलं तरी मोडते. एकही मोडली नव्हती.

मागे वळून पाहिलं तर आत्याबाई पाण्याकडे बघतच नव्हत्या. त्या रिकाम्या उंबऱ्याकडे बघत होत्या, आणि हसत होत्या. तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"आलास व्हय रं," त्या म्हणाल्या. "लई येळ केलास."

"आत्याबाई... कोण?"

"आवाज नाय वळाकला तू. तू कशी वळाकशील म्हना. इठू त्यो. माजा थोरला भाऊ."

मग त्यांनी सांगितलं, मी त्यांचा हात धरून बसले असताना. लग्न झालं तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या. पहिल्या सणाला माहेरी न्यायला इठू मुराळी म्हणून येणार होता. त्याने तसा निरोपही धाडला होता. पण त्याच पावसाळ्यात गाव उठलं. माणसं वाट फुटेल तिकडे गेली. आईबाप एका ठिकाणी, इठू मुंबईला गोदीत गेल्याचं कुणीतरी सांगितलं, आणि मग तेही सांगणारं कुणी उरलं नाही. "सनाला मी रोज येशीपातुर जायाची. सासू हसायची. म्हनायची, गावच न्हाई तर मुराळी कुटनं येनार?"

एवढं बोलून त्यांनी मान वळवली आणि पहिल्यांदा पाण्याकडे पाहिलं. दूर, उतरलेल्या पाण्यात काळ्या दगडांचं जोतं दिसत होतं. बगळे बसले होते त्याच्यावर. "त्ये देऊळ," त्या म्हणाल्या. "त्येच्या मागं चिच हुती. चिचंमागं आमचं घर." सांगत राहिल्या... कुठे पाणवठा, कुठे खळं, कुठे इठू झाडावरून पडला होता. रडल्या नाहीत. मीच रडत होते.

संध्याकाळी धोंडिबा पौडहून आला, बाजाराच्या पिशवीसकट. बरोबर हिराबाईचा नवरा होता, दोघे एकाच गाडीने गेले-आले. हे परत आल्यावर मी सगळं सांगितलं. ह्यांनी दार तपासलं. आतल्या बाजूने एकट्याने ते खोबणीत बसवणं शक्य नाही, असं स्वतःच म्हणाले. मग म्हणाले, एखादा गुराखी असेल, मदत करून निघून गेला असेल. "आणि कुरडया?" मी विचारलं. हे उठून आईच्या खाटेशी जाऊन बसले. त्या दिवशी मायलेकांनी पहिल्यांदा एकत्र त्या पाण्याकडे पाहिलं.

आत्याबाई बऱ्या झाल्या. काठी घेऊन चालायला लागल्या, पुढे आणखी काही वर्षं जगल्या, आणि माले गावी परत गेल्या नाहीत. इठूमामांचं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. ह्यांनी मुंबईत पुष्कळ चौकशी केली. त्या दिवशी ते जिवंत होते की नव्हते, हेदेखील मी सांगू शकत नाही.

एक गोष्ट मात्र मी ह्यांनाही सांगितली नव्हती. त्या दुपारी आत्याबाई म्हणाल्या होत्या, "सुमन, त्यो लांबनं चालत आलाय. त्येला जेवाय वाड." मी मास्तरांची मुलगी... पण मी ताट वाढलं. भाकरी, पिठलं, कांदा, वर थोडा गूळ. पायरीवर ठेवलं आणि आत आले. तासाभराने पाहिलं तर ताट रिकामं. आता अंगणात कावळे होते, धोंडिबाचं कुत्रं होतं. मला ठाऊक आहे.

ताट घेऊन मी आत आले तेव्हा आत्याबाई डोळे मिटून पडल्या होत्या. न उघडताच त्यांनी विचारलं, "जेवला का गं?"

"हो," मी म्हणाले. "पोटभर जेवले मामा."

त्या तशाच झोपी गेल्या. मी त्यांचं मन राखायला खोटं बोलले, की खरं तेच सांगितलं, ते मला अजूनही माहीत नाही.