आधी गॅस बंद केला

माझ्या थोरल्या बहिणीच्या हातून तिचा नवरा मेला. हडपसरच्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी, बत्त्याचा एकच घाव. त्या संध्याकाळी त्याने लेकीला केस धरून भिंतीवर आपटलं होतं आणि मग हात धुऊन जेवायला बसला होता. बहिणीने स्वतः वर्षानुवर्षं मार खाल्ला, पण पोरीवर हात पहिल्यांदाच पडला होता.

कोर्टाने प्रक्षोभ मान्य केला. खून नाही, सदोष मनुष्यवध. आता शिक्षा किती एवढंच उरलं होतं आणि माझा सगळा जीव त्यात अडकला होता. भाची अकरा वर्षांची. तिला आई लवकर परत हवी होती.

सरकारी वकील मोठे सभ्य गृहस्थ. "आरोपीनेच सांगितलंय," ते म्हणाले, "दूध उतू जात होतं, आधी गॅस बंद केला, मग मारलं. म्हणजे डोकं शांत होतं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. अहो, गॅस बंद करायला डोकं लागत नाही. अंगात ताप असो, घरात मयत असो, बाईचा हात त्या बटणाकडे जातोच. या गृहस्थांनी जन्मात कधी स्वतःचा चहा तरी केला असेल का? आणि माझी बहीण अशी भाबडी, की पोलिसांनी काय काय झालं विचारलं, तर दुधासकट सगळं सांगून मोकळी झाली.

न्यायाधीशांनी सात वर्षं दिली. निकालात गॅस होताच. राग अचानक यायला हवा म्हणे, तरच सवलत. तिने इतकी वर्षं जो गिळला, त्याचा हिशेब कुठेच नव्हता. त्याने एकदा मोडलेल्या तिच्या मनगटाला दोन शब्द मिळाले होते, 'कौटुंबिक कलह'. ते ऐकून मला उठून ओरडावंसं वाटलं.

बाहेर आलो तर तिचा दीर मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाला, "स्वस्तात सुटली." त्याच्या थोबाडीत द्यायला माझा हात उचलला गेला. भाचीने तो घट्ट धरून ठेवला.

"मावशी, बाबांनी आईला मारून टाकलं असतं, तर त्यांना किती वर्षं झाली असती?"

आमचे वकील शेजारीच कागद आवरत होते. ते म्हणाले, "बाळ, राग कसा आला त्यावर असतं ते."

"त्यांना रोजच यायचा," ती म्हणाली.