आईनं पदराला बांधलेला ओवा

बायांनो, आज सकाळपासून मी लई खुशीत हाय. नात पूजा मैत्रिणींसंगं फिरायला निघाली. बॅगेत उलटीची गोळी, तापाची गोळी, मलम, पट्ट्या, समदं हुतं. तरी वढणी पुढं करून म्हणली, "आजी, ओवा बांध की."

"एवढ्या गोळ्या हायेत की गं!"

"त्या आईनं भरल्यात. तू काय देतीस?" म्हणली चावट.

बांधला. आन माझी आई आठवली.

बाहत्तर सालाच्या आसपास माझं लगीन झालं. खर्ड्याहून देवळालीला सासरी निघाले, पहिल्यांदाच एस्टीत बसले. आईनं पदराला ओवा बांधला, म्हणली, "मळमळलं तर चिमूटभर चाव."

वाटंत लई मळमळलं. पन आईच्या हातची गाठ सोडवंना. सोडली तर आई तिथंच ऱ्हाईल, असं वाटलं. शेवटी मामंजींच्या नव्या धोतरावर ओकले! ते म्हणले, "पोरी, गाठीत सोनं हाय का काय?"

आठ दिवस ते लुगडं मी धुवायला टाकलं न्हाई. मग सासूबाईंनीच घेतलं आन गाठ सोडली. मी हमसून रडले. त्यांना वाटलं पोट दुखतंय. त्याच ओव्याचा काढा करून पाजला मला.

आता मी गावाला निघाले की सून गोळ्यांचं पाकीट देती, मायेनं देती. पन पदर धरून, थांबवून ओवा बांधनारं कुनी न्हाई गं.

तुमच्या आईनं वाटंला काय बांधून दिलं हुतं? लिवा, मी वाचत बसते.