टाळांच्या मागे

घरी येणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारतोच, या म्युझिक सिस्टीमवर एवढे पैसे घातलेस, वेगळं काय ऐकू येतं? मेहुण्यांनी तर तोंडावर सांगितलं होतं की एवढ्यात विंचूरला कांद्याची चाळ उभी राहिली असती. मी हसून सोडून द्यायचो. उत्तर मला ठाऊक होतं, द्यायची हिंमत नव्हती.

आमची मखमलाबादला फुलशेती. वडील गावच्या भजनी मंडळात गायचे. एका थंडीत भजन आमच्या घरी होतं आणि मी हौसेने ते टेप केलं. रेकॉर्डिंगचा आमच्याकडे भारी बाऊ. कुकर लावायचा नाही, भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही, खोकणाऱ्याने बाहेर जायचं. टेप उंबऱ्याशी ठेवून बटणाजवळ मीच बसलो होतो.

ती थंडी आईची शेवटची ठरली. न्यूमोनिया छातीत भिनला होता. भेटायला येणाऱ्यांना मी सांगत राहिलो, तिने दुखणं अंगावर काढलं, कधी सांगितलंच नाही. घरात पुढे तेच रूढ झालं. माझाही त्यावर विश्वास बसला. बसला म्हणजे, मी बसवला.

ती कॅसेट आम्ही वर्षानुवर्षं साध्या टेपवर ऐकली. वडिलांचा आवाज, टाळ, मृदंग आणि टाळांखाली कसलीशी कुजबुज. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये ही सिस्टीम बसवली, जुना डेक दुरुस्त करून जोडला आणि पहिल्यांदा तीच कॅसेट लावली. वडील जणू समोर बसून गात होते. टाळ बाजूला सरल्यासारखे झाले आणि डावीकडून, दारात उभं राहून बोलावं तसा आईचा आवाज आला. मी दाराकडे पाहिलं. छातीत दुखतंय असं ती सांगत होती, आणि तिला उत्तर देणारा मी होतो.

त्यानंतर बरेच महिने मी त्या खोलीत एकटा बसलो नाही.

वडील गेल्यावर धाकटी बहीण त्यांच्या भजनासाठी मागे लागली. डेक बिघडलाय, कॅसेटला बुरशी आलीय, मी सांगत गेलो. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर ती सरळ त्या खोलीत जाऊन बसली. म्हणाली, आज ऐकल्याशिवाय उठत नाही. मी कॅसेट लावली; रिमोट माझ्या हातात होता. त्या जागी आवाज बारीक केला असता तर तिला काही कळलं नसतं. अंगठा बटणावर होता, पण दाबला नाही. त्याला धैर्य म्हणू नये. लपवून लपवून मी थकलो होतो.

"छातीत लय दुखतंय रे. आत बसू का जरा?"

"खोकशील तू. गोठ्यात बस. भजन संपलं की ये."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं नाही. वडील गातच होते.

"आई म्हणाली होती मला," ती म्हणाली. "'दादाला सांगितलं मी, पण टाळांत त्याला ऐकू गेलं नसेल.' मी तेच धरून चालले, दादा. इतकी वर्षं."

मला काहीतरी बोलायचं होतं. सतरा-अठरा वर्षांचा होतो, न्यूमोनिया मला काय कळणार, असलं काहीतरी. 

"परत लाव," ती म्हणाली. "आईचा आवाज दुसरीकडे कुठे आहे आपल्याकडे?"

मी कॅसेट मागे घेतली. तिने डोळे मिटले. आईचं बोलणं संपता संपता बंद करावं म्हणून मी धडपडलो, पण मध्ये जागाच नाही; आईच्या शेवटच्या शब्दावरच माझा पहिला शब्द चढतो.

"अजून एकदा," बहीण म्हणाली.

मी लावत राहिलो.