आतोबांची कारिटं

दिवाळीत लोकांच्या घरी सुरण भेट नेणारा माणूस अख्ख्या बडोद्यात एकच आहे आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा आहे. बाकीचं शहर काजूकतलीची खोकी आणि सुक्या मेव्याचे ट्रे घेऊन स्कूटरवरून हिंडत असतं, तेव्हा आमचे आतोबा निजामपुऱ्यात ओल्या मातीचा सुरण बगलेत मारून लोकांचे जिने चढत असतात. दार उघडणाऱ्याला आधी सुरण दिसतो आणि मग आतोबा. "शुभ दिवाळी," ते म्हणतात. "धुतलेला नाही, मुद्दाम. धुतला की टिकत नाही." समोरचा माणूस एका हाताने सुरण आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा नवा कुडता सांभाळत "या ना आत" म्हणतो, आणि आतोबा खरोखरच आत जातात. चहा घेतात, तो सुरण कसा चिरायचा ते सांगतात, हाताला तेल लावायला विसरू नका म्हणतात आणि पायताणाची माती पायपुसण्यावर ठेवून पुढच्या घरी निघतात.

यामागे त्यांचं एक तत्त्वज्ञान आहे आणि ते ऐकल्याशिवाय त्यांच्या तावडीतून सुटता येत नाही. "डबा दिला की माणूस डबा बघतो, झाकण लावतो आणि दुसऱ्याला देऊन टाकतो. भाजी दिली की ती शिजवावी लागते. शिजवताना कुणी दिली ते आठवावंच लागतं." शिवाय भाजी माणसाच्या स्वभावाला शोभणारी हवी, हा त्यांचा हट्ट. सोसायटीच्या चेअरमनना दरवर्षी सुरण, कारण "नीट हाताळला नाही तर खाजतो, पण आतून चांगला." हे त्यांनी चेअरमनना तोंडावर सांगितलं, आणि त्या वर्षी आत्याच्या घरचा गळका पाइप गुढीपाडव्यापर्यंत गळत राहिला. डॉक्टरांना कारली. वरच्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याला बाजारभर शोधून आणलेलं जुळं वांगं. मला दरवर्षी दुधी मिळतो. मी कारण विचारलेलं नाही.

ही सगळी खरेदी होते अकोट्याच्या शेतकरी बाजारात. एका मैदानावर रविवारी सकाळी पादऱ्याकडचे, डभोईकडचे शेतकरी माल घेऊन येतात आणि जमिनीवर कापड पसरून बसतात. आतोबांना गाडी चालवता येत नाही, त्यामुळे दिवाळीच्या आधीचा रविवार माझ्या नशिबी लिहिलेला असतो. त्यांची सगळी नोकरी रिफायनरीत गेली, तेलाच्या आणि वायूच्या वासात. त्याचा सूड ते या बाजारात उगवतात. कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरून, डोळे मिटून इतका वेळ उभे राहतात की मागच्या बायकांना वाटतं, म्हातारा काहीतरी स्तोत्र म्हणतोय. सुरण दोन्ही हातांनी उंच धरून मला विचारतात, "हा चेअरमनना शोभेल?" जणू शर्टाचं कापड अंगाला लावून बघतायत. शेतकऱ्यांच्या म्हशींची नावं त्यांना ठाऊक आहेत. आणि हे सगळं चालतं त्यांच्या खास गुजरातीत. जन्म बडोद्यात काढूनही आतोबांची गुजराती म्हणजे शेवटी 'छे' लावलेली मराठी. बोलताना त्यांना कधी अडखळायला होत नाही, ऐकणाऱ्याला होतं. समोरून आलेल्या कुठल्याही गुजराती वाक्याला ते हसून मान हलवतात, समजलेलं असो वा नसो.

गेल्या वर्षीची खरेदी मात्र नेहमीची नव्हती. आतोबांची एकुलती एक मुलगी, माझी आतेबहीण मुक्ता, आणि तिच्याच ऑफिसातला पार्थ यांनी लग्नाचं ठरवलं होतं. पार्थ हरणीला राहणारा, गुजराती, वडिलांसारखाच शांत आणि आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. आतोबा आणि आत्या दोघांना तो पसंत होता. गुढीपाडव्याला त्यांच्याकडे येऊन त्याने कडुनिंबाची पानं चावून चावून खाल्ली होती, तेव्हाच आत्याने त्याला मनातल्या मनात जावई करून टाकलं होतं. अडलं होतं ते त्याच्या आईपाशी. इलाबेन वाईट बाई नव्हत्या, पण मराठी घरातली मुलगी आपल्या घरात रुळेल का, तिच्या रीती वेगळ्या, आपल्या वेगळ्या, या काळजीने त्या ना हो म्हणत होत्या ना नाही. "दिवाळी पछी जोईशुं," दिवाळीनंतर बघू, एवढंच म्हणाल्या होत्या. आईचा होकार आल्याशिवाय लग्न करायचं नाही, असं पार्थनेच नव्हे, मुक्तानेही ठरवलं होतं. त्यामुळे दिवाळीला हरणीला काय भेट न्यायची, हा आमच्या घरात मोठाच प्रश्न झाला होता.

"अहो, हात जोडते," आत्या म्हणाली, "या एका घरी तरी माणसासारखं काहीतरी न्या. चांदीची वाटी न्या. पेढे न्या."

"चांदी काय कुणीही देईल," आतोबा म्हणाले. "मुलगी देतोय आपण. घरचं काहीतरी नको का द्यायला?"

घरचं म्हणजे काय, ते मला बाजारात कळलं. पादऱ्याकडच्या सविताबेन नावाच्या भाजीवालीला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तिने वांगी बाजूला सारून खालून एक पिशवी काढली. आत कारिटं. नरकचतुर्दशीला आंघोळ झाली की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं ते अंड्याएवढं, हिरव्या पट्ट्यांचं, जहरी कडू फळ. गुजरात्यांना त्याचं काही नाही, त्यामुळे बडोद्यात मराठी घरं दरवर्षी त्याच्यासाठी हिंडत असतात. सविताबेनच्या शेताच्या कुंपणावर त्याचे वेल माजलेले.

"काका, आने तो ढोर पण न खाय!" ती हसत म्हणाली.

"खावानुं नथी बेन, फोडवानुं छे. पगनी नीचे," आतोबांनी तिला पाय आपटून दाखवला. इतकं सविस्तर त्यांनी सविताबेनला समजावलं. जिला समजावायला हवं होतं, तिला समजावलं नाही.

हरणीला पोचलो. पार्थची आजी झोपाळ्यावर बसली होती, वडील पेपर वाचत होते, इलाबेननी पाणी आणलं. आतोबांनी टोपली पुढे केली. सीताफळं, पापडी, सुरण आणि सगळ्यात वर केळीच्या पानात बांधलेली कारिटं. इलाबेननी पान उघडलं आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "अरे, आ तो कोठींबडां!" कोठींबडं हे तिकडचं असंच दिसणारं आंबूस फळ. गुजराती घरांत त्याची भाजी करतात, वाळवून तळतात. आतोबांनी नेहमीप्रमाणे हसून मान हलवली आणि वर म्हणाले, "चौदशनी सवारे. न्हाया पछी. बधाने जोईए." चौदसच्या सकाळी, आंघोळ झाल्यावर, सगळ्यांना हवं. मी तिथेच होतो, पण माझं सगळं लक्ष सुरणाची माती त्यांच्या पांढऱ्या सोफ्यावर सांडत होती तिकडे होतं.

चौदसच्या पहाटे मी नेहमीसारखा आत्याकडे फराळाला गेलो. आतोबांच्या डोक्यावर तेल थापलेलं, मानेला उटणं, कमरेला पंचा. मुक्ता आपला नंबर लागायची वाट बघत बसली होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. पार्थ होता. ती थोडा वेळ ऐकत राहिली, मग फोनवर हात ठेवून अगदी हळू म्हणाली, "बाबा, इलाआंटींना कारिटं दिली होतीत?"

"दिली."

"त्याचं काय करायचं ते सांगितलं होतंत?"

"त्यात सांगायचं काय?"

"पार्थ विचारतोय, भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतलीच पाहिजे का? त्याच्या आजीने वाटी संपवली. त्याचे बाबा मघापासून बेसिनपाशी उभे आहेत."

पार्थने आईला पाडव्याच्या कडुनिंबाची गोष्ट कधीतरी सांगितलेली होती. हे लोक सणाची सुरुवात कडू खाऊन करतात, तेव्हा चौदसचंही तसंच असणार, असा इलाबेननी सरळ हिशेब केला होता. पहिला घास घेतल्यावरसुद्धा त्यांना शंका आली नाही, उलट खात्रीच पटली. आत्या कपाळावर हात मारून मटकन खाली बसली. "केलंत! पोरीचं लग्न कडू करून ठेवलंत!" मुक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पाहिल्यावर आतोबांनी पंच्यावरच सदरा चढवला.

"गाडी काढ," ते मला म्हणाले.

"आतोबा, निदान आंघोळ तरी..."

"गाडी काढ म्हणतो ना!"

निजामपुऱ्यापासून हरणीपर्यंत त्यांनी गुजरातीत माफी घोकली. प्रत्येक वेळी वाक्य वेगळं आणि प्रत्येक वेळी चुकीचं. माझ्या सीटला तेलाचा डाग पडला, तो अजून आहे. आयुष्यभर माणसांच्या दारात बिनधास्त सुरण घेऊन उभा राहिलेला हा माणूस हरणीच्या त्या दारात बेल वाजवायला घाबरत होता. शेवटी बेल मी वाजवली.

दार इलाबेननी उघडलं. आतोबांनी हात जोडले. घोकलेलं सगळं ते विसरले आणि जे आलं ते बोलले. "भूल मारी छे, बेन. छोकरीनी नथी." मग त्यांनी सांगितलं की ते खायचं नव्हतं, फोडायचं होतं, पायाखाली, नरकासुर म्हणून. सांगताना पाय आपटून दाखवला आणि पंचा सुटता सुटता राहिला. इलाबेन ऐकत होत्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या वाट्यांकडे पाहिलं.

"एटले खावानुं ज नहोतुं?"

"नहोतुं, बेन."

बेसिनपाशी उभ्या असलेल्या पार्थच्या वडिलांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं सगळं. आणि झोपाळ्यावरची आजी हसायला लागली. आधी खांदे हलले, मग झोपाळा हलला, मग तिला खोकलाच आला. इलाबेननी तिला पाणी दिलं, पदर तोंडाला लावला आणि त्याही हसू लागल्या. हसता हसता खुर्चीवर बसल्या, डोळे पुसले आणि आतोबांना म्हणाल्या, "शुं करुं भाई? मने थयुं, छोकरी आवशे ने, तो एनी चौदश सूनी न जवी जोईए. एटले में कीधुं, पहेलां आपणे शीखी लईए."

मुलगी येईल तेव्हा तिची चौदस सुनी जायला नको, म्हणून आधी आपण शिकून घेऊ. एवढ्यासाठी त्या बाईने पहाटे उठून ते जहर शिजवलं होतं, घरादाराला खाऊ घातलं होतं आणि स्वतःही गिळलं होतं. दिवाळीनंतर बघू म्हणाल्या होत्या, पण मनाने त्यांनी मुक्ताला केव्हाच घरात घेतलं होतं. आतोबांना हे वाक्य पहिल्यांदाच अक्षरन्अक्षर समजलं असावं, कारण या वेळी त्यांनी मान हलवली नाही.

मग आजीने विचारलं, एखादं उरलंय का, तिला फोडायचंय. फ्रिजमधून चार-पाच कारिटं निघाली. गॅलरीत तुळशीच्या कुंडीपुढे आतोबा तेलकट डोक्याने फरशीवर बसले आणि एकेकाच्या पायाखाली कारीट ठेवत गेले. आजीचा गुडघा दुखत होता, तर त्यांनी तिचं पाऊल स्वतःच्या हाताने उचलून कारिटावर ठेवलं. तिने असा काही जोर लावला की बिया उडून पार्थच्या वडिलांच्या पांढऱ्या लेंग्यावर बसल्या. तो शांत गृहस्थ त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. "आ बरोबर छे," तो म्हणाला. "आवुं ज करवुं जोईतुं हतुं." असंच करायला हवं होतं.

परतताना मी म्हटलं, "आता खूश ना?" ते म्हणाले, "खूश आहे रे," आणि खिडकीबाहेर बघत बसले. रस्त्यावर लोक नव्या कपड्यांत हिंडत होते, रांगोळ्या अजून ताज्या होत्या. थोड्या वेळाने म्हणाले, "पुढच्या वर्षी दिवाळसण. तेव्हा ती आपल्याकडेच असेल. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र तिथं." आणि मग माझी समजूत काढल्यासारखं म्हणाले, "चांगली माणसं आहेत."

मुक्ता फाटकातच उभी होती. अंगावर जुना गाऊन, केस मोकळे, अजून आंघोळ नाही. बापाचा चेहरा बघून तिला कळलं असावं, तरी तिने विचारलंच, "काय म्हणाल्या?" आतोबांनी तिला धरून घरात नेलं, पाटावर बसवलं आणि आत्याला म्हणाले, "तेलाची वाटी आण. आज हिला मी लावतो."

आत्याने एरवी चार प्रश्न विचारले असते. तिने वाटी आणून त्यांच्या हातात दिली आणि तिथेच भिंतीला टेकून बसली.