हुकूम म्हणजे इस्पीक

माझ्या मोठ्या जावेला, अनुसयाबाईला, गाव अजूनही पत्तेवाली म्हणतं. म्हणू द्या. मेंढीकोटात तिच्यासमोर बसायचं म्हटलं की भल्याभल्यांना घाम फुटतो, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

शाळेत ती दोनच वर्षं गेली. पण उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या कामावर छत्तीसगडच्या बाया यायच्या आणि दुपारी सावलीत डाव पडायचा. आपण दश्शीला मेंढी म्हणतो, त्या देहला म्हणायच्या. कोणी हुकूम झाकून ठेवायचं, कोणी पहिल्या पाच पानांवर बोलून टाकायचं. बाईनं सगळ्या तऱ्हा उचलल्या. घरी आली की भात शिजेपर्यंत मला शिकवायची, आणि चुकले तर असं बोलायची की सासू परवडली.

दिवाळीनंतर आमच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, दरसाल मेंढीकोटाच्या जोड्या बसतात. बसतात म्हणजे पुरुष. गेल्या साली बाईनं सरळ जाऊन आमची जोडी लिहायला सांगितली. समितीचा शालीकराम आधी हसला, मग वैतागला. शेवटी म्हणाला, "एकदा खेळा. हरल्या तर गावातल्या कोणत्याच बाईनं पुन्हा नाव घेऊन यायचं नाही."

"खेळतो," बाई म्हणाली.

तीन जोड्यांना आम्ही धूळ चारली. शेवटी समोर आले गोंदियाचे रामलाल आणि श्यामलाल. दोघंही दुकानदार, बोलणं सारं हिंदीत, आणि हसणं असं की जसं लेकरांशी खेळून राहिले. पण बरोबरी झाली आणि त्यांचं हसणं आटलं. राहिला एकच डाव. चारपैकी तीन मेंढ्या ज्याच्या, तो जिंकला.

हुकूम बोलायची पाळी बाईची होती. पाच पानं पाहून ती म्हणाली, "हुकूम बदाम." नेमका तेव्हाच रातच्या नाटकाचा भोंगा कोकलायला लागला.

तीन हात सरळ गेले. चौथ्याला मी किलवरचा एक्का टाकला. रामलालजवळ किलवर नव्हतं, त्यानं ऐटीत इस्पीकची दुर्री मारली. बाईनं बारीक पान दिलं. श्यामलालनं वरून किलवरची मेंढी टाकली. अरे बाप्पा, मेंढी चालून आली म्हणून मी हात घातला, तर रामलालनं माझ्या आधी पानं ओढली. म्हणे, हुकुमनं कापली.

मग गोंधळ. त्या दोघांना फक्त पहिलाच शब्द ऐकू आला होता. आणि गोंदियाच्या हिंदीत हुकुम म्हणजे इस्पीक! आपण ज्याला हुकूम म्हणतो, त्याला ते रंग म्हणतात. शालीकरामनं बदाम ऐकलं होतं, त्यानं मेंढी आम्हाला दिली. पण मागून कोणीतरी बोललंच, बायकांनी शब्दात गुंडाळून हात मारला म्हणून.

बाईनं मेंढी उचलून रामलालपुढं ठेवली. "चूक कोणाचीच नाही. इस्पीकच हुकूम धरा. तसंच खेळू."

मला असा राग आला! हातातले बदाम एका दमात फुकट गेले. मी दबक्या आवाजात विचारलं, "काऊन दिली बाई?" तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती पडलेली इस्पीकं मोजून राहिली होती.

चौकटची मेंढी तिनं काढली. बदामची माझ्या हाती लागली, कशी ते मला अजून कळलं नाही. राहिली इस्पीकची. प्रत्येकाजवळ दोन-दोन पानं उरली, खेळायची पाळी बाईची. मेंढी रामलालजवळ होती, पण तो निवांत होता, कारण इस्पीकचे एक्का, राजा, गुलाम पडले होते आणि राणीही कधीची पडून गेली, असं त्याला वाटत होतं.

बाईनं इस्पीकची राणी चटईवर ठेवली आणि तेंदूपत्त्यावर शिकलेल्या हिंदीत म्हणाली, "अब हुकुम का देहला दो, भाऊ."

रामलालनं पान पाहिलं, बाईला पाहिलं, आणि मेंढी दिली. द्यावीच लागली, दुसरं इस्पीक होतंच कुठं त्याच्याजवळ! मी उठून नाचले. नाचले म्हणजे खरंच नाचले, बाईचे मालक, माझे जेठ, समोर उभे असताना. रामलालनं हात जोडले आणि अशी खेळणारी पाहिली नाही म्हणाला.

शालीकराम चष्मा पुसत म्हणाला की ठीक आहे, पुढच्या साली बायकांचं काय करायचं ते समितीत विचारू.

"विचारता कायले?" बाईनं जोड्यांची वही त्याच्यापुढं सरकवली. "लिवा. नंदाबाई आन् चेतना, एक जोडी. खुशबू आन् प्राची, दुसरी. आता गावातल्या बाकीच्या बायाइले बोलावतो, थांबा."