खाडीत दिसलेली भाड्याची गाडी

मावशी केळव्याचं घर बंद करून मुलाकडे सुरतेला कायमची निघाली होती, शनिवारी दुपारी पालघरहून पावणेचारच्या रेल्वेने. त्याआधी आईला तिच्याकडे जेवून यायचं होतं. आईचे गुडघे रेल्वेचे जिने मानत नाहीत, म्हणून मीरा रोडहून दोन दिवसांसाठी भाड्याची गाडी घेतली. साडेचार हजार, पेट्रोल आपलं.

गाडी वाईट नव्हती, हे आधीच सांगतो. एसी गार, डिकी मोठी, आईला चढाय-उतरायला सोपी. क्लच मात्र इतका वर पकडायचा की प्रत्येक सिग्नलला पाय भरून यायचा. काटा ऐंशीच्या पुढे गेला की भोंगा वाजतो म्हणे. घोडबंदरच्या कोंडीतून जाणाऱ्याला त्याची काळजी नको.

ती कोंडी टाळायलाच भाईंदर पश्चिमेच्या जेटीवरून वसईची रो-रो बोट धरली. गाडीसकट चढायचं, पंधरा-वीस मिनिटांत खाडीपार. सुट्टीच्या दिवशी लवकर जाऊन रांग लावा. साडेदहाला आम्ही पलीकडे होतो, पण उतरताना गाडी सुरूच होईना. स्क्रीनवर कुलपाचं चित्र. मागे हॉर्न. शेवटी बोटीवरच्या दोघांनी आणि एका टेम्पोवाल्याने ढकलत ती जेटीवर आणली.

"क्या अंकल, गाडी को तैरना नहीं आता?" टेम्पोवाला म्हणाला.

गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीला मी फोन लावला; त्यांच्याकडच्या गाड्या वेगवेगळ्या मालकांच्या असतात.

"सर, सिस्टीमने लॉक केलीय. मॅपवर गाडी खाडीत दिसत होती," तिकडची मुलगी म्हणाली.

"बोटीवर होती."

"म्हणजे पाण्यातच ना, सर?"

"आता जमिनीवर आहे. उघडा."

"ओटीपी गाडीमालकांच्या फोनवर गेलाय. ते उचलत नाहीयेत. पाच मिनिटं, सर."

अशी पाच मिनिटं तिने अडीच तासांत कितीदा तरी मागितली. त्यांच्यावर विसंबून मी दुसरी टॅक्सी केली नाही, ही चूक माझी. आई दोन शहाळी पिऊन घड्याळ बघत होती.

एक वाजता मालकांचाच फोन आला. उत्तनचे गृहस्थ, भाचीच्या लग्नात होते. "सॉरी हां, चर्चमध्ये मिस्सा चालू होता, फोन सायलेंटवर. पण दादा, पाण्यात कशाला नेली? मला विचारायचं ना."

ओटीपी मिळून गाडी सुरू व्हायला पावणेदोन झाले; जेवण बुडालंच होतं. केळवं सोडून थेट पालघर स्टेशन गाठलं, आणि घाईत गाडी चुकीच्या बाजूला लावली. सात मिनिटं उरलेली, मावशी समोरच्या फलाटावर, मध्ये रूळ. पूल ओलांडायला आईला पंधरा मिनिटं लागली असती. तिने फोन लावला. दोघी समोरासमोर उभ्या राहून फोनवर बोलल्या.

"वाळलीस गं," आई म्हणाली.

"तुला तिथून काय दिसतंय? मोतीबिंदू काढ आधी."

"तू गुडघ्यांचं बोलू नकोस, म्हणजे झालं."

"पापलेट तळून शेजारच्या घरी ठेवलेत. घेऊन जा."

मग गाडी मध्ये आली आणि फोनवर नुसता खडखडाट.

परतताना महामार्गाने आलो, वर्सोवा पुलाआधी कोंडीत तास गेला. रविवारी गाडी सोसायटीत नुसती उभी होती. क्लचची सवय करून घेता येते, तेव्हा गाडी घ्यायला हरकत नाही. बोटीने जाणार असाल तर मात्र आदल्या दिवशी खुद्द मालकाशी बोलून ठेवा.

सोसायटीतल्या बायका विचारतात तेव्हा आई सांगते, "झाली ना भेट. छान झाली."